इंग्रजी शब्दकुळांची भिंत : कामाच्या नोंदी

२ जून

वाचनालयाच्या वाचनकक्षातील उत्तरेकडची भिंत रंगकामानंतर मोकळीच राहिली होती. तेथे रोजच्या वापरातील इंग्रजी शब्दांच्या आणि वाक्प्रचारांच्या उत्पत्तीची कार्डे कायमस्वरूपी लावण्यास कार्यकारिणीने मान्यता दिली असून त्यासाठी ८,००० रुपये मंजूर केले आहेत. ए-फोर आकाराची साठ कार्डे, मजकूर मराठीत आणि वाचक मुख्यतः दहावी-बारावीची व स्पर्धा परीक्षांची मुले, असे ढोबळ स्वरूप ठरले. काम ग्रंथपाल बाई, इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक (सगळे त्यांना सर म्हणतात) आणि मी असे तिघांनी करायचे आहे. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाने हेच काम हाती घेतल्यास त्यांना उपयोग व्हावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

साहित्याची टंचाई नाही. सरांची तीस वर्षे जपलेली वही, जुन्या मासिकांतील कात्रणे आणि मोबाइलवर फिरणारे संदेश मिळून शंभराहून अधिक शब्दकथा पहिल्याच बैठकीत टेबलावर आल्या. जून संपेपर्यंत छपाईला जाता येईल, असा आमचा अंदाज आहे.

९ जून

तो अंदाज चुकणार हे आजच स्पष्ट झाले. कथा लावून पाहताना असे दिसले की निम्म्याहून अधिक कथांना ना साल आहे, ना स्थळ, ना पहिल्यांदा कोणी लिहिले याचा पत्ता. आहे तो केवळ एक राजा, एक सैनिक किंवा एक विसरभोळा सरदार. त्यामुळे कार्डाचा साचा बदलला. वरती शब्द, त्याखाली लिखित स्वरूपातील सर्वांत जुनी नोंद कोणत्या काळातली ते, मग मूळ भाषा व मूळ अर्थ, आणि सर्वांत शेवटी कथा. सालाचा रकाना रिकामा राहिला तर कार्ड होणार नाही.

ही पद्धत आमची नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी संपादक जेम्स मरी यांनी १८७९ मध्ये वाचकांना जाहीर आवाहन केले आणि पुस्तकांतील उताऱ्यांच्या चिठ्ठ्या मागवल्या. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. त्या चिठ्ठ्यांवर तारीख असे, म्हणूनच आज एखादी कथा शब्दाच्या आधीची की नंतरची हे ताडून पाहता येते. आमच्या हाताशी हा कोश, एक विनामूल्य ऑनलाइन व्युत्पत्तिकोश, यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (भारतातील इंग्रजांच्या बोलण्यातील शब्दांचा कोश) आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आहे. शेवटचे दोन्ही कोश स्कॅन स्वरूपात फुकट वाचता येतात.

सरांना हा साचा फारसा रुचलेला नाही. साल शोधत बसलो तर मुलांना गोडी कशी लागेल, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आज तरी माझ्याकडे नव्हते.

१४ जून

आद्याक्षरांच्या कथा तपासल्या आणि जवळजवळ सगळा गठ्ठा बाजूला ठेवावा लागला.

सर्वांत लाडकी कथा ‘पॉश’ची. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर धनिक प्रवासी येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीची, खोली घेत. तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी बाजू) या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे छापलेली असत आणि त्यांतून हा शब्द तयार झाला, असे सांगितले जाते. मुंबईचा संबंध असल्याने ही कथा आपल्याकडे विशेष चालते. परंतु असे एकही तिकीट कधी कोणाला सापडलेले नाही, आणि हा खुलासा छापील स्वरूपात दिसतो तो १९३० च्या दशकात. ‘छानछोकी करणारा’ या अर्थी ‘पॉश’ मात्र १८९० च्या सुमारास इंग्रजी बोलभाषेच्या एका कोशात आलेला आहे.

‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, हेही टिकले नाही. तो ‘न्यू’ या विशेषणापासून झालेला शब्द असून त्याचा अर्थ ‘नव्या गोष्टी’ एवढाच आहे. ‘गोल्फ’ म्हणजे ‘फक्त पुरुषांसाठी, स्त्रियांना मज्जाव’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे, असा एक संदेश दरवर्षी येतो. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली तेव्हा हा शब्द कायद्यातच लिहिलेला होता. आद्याक्षरे जोडून उच्चारता येणारा शब्द बनवण्याची सवय मुख्यतः विसाव्या शतकातील आहे आणि त्यापूर्वी ती अगदी विरळ होती, एवढे लक्षात ठेवले तर निम्मी तपासणी आपोआप होते. आम्ही ‘आद्याक्षरांच्या कथा सरसकट बाद’ असा नियम लिहून टाकला.

१७ जून

नियम तीनच दिवस टिकला. ‘ओके’ हा शब्द खरोखरच आद्याक्षरांचा निघाला.

१८३० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापण्याची थट्टेखोर टूम होती. ‘ऑल करेक्ट’चे ‘ओल कोरेक्ट’ आणि त्याचे ‘ओके’, असे हे रूप ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये २३ मार्च १८३९ रोजी छापून आले. त्या टुमेतील इतर रूपे विसरली गेली, पण हे वाचले, कारण पुढच्याच वर्षी मार्टिन व्हॅन ब्युरेन अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहिले, आणि त्यांच्या किंडरहुक या जन्मगावावरून पडलेल्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाची आद्याक्षरेही तीच होती. हे सारे १९६३-६४ मध्ये ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे चाळून सिद्ध केले. तोपर्यंत ग्रीक, फ्रेंच आणि अमेरिकेतील मूलनिवासींच्या चोक्टॉ भाषेपर्यंत अनेक मुळे सांगितली जात होती.

नियम दुरुस्त केला : आद्याक्षरांची कथा चालेल, पण त्या काळातला कागद हवा. सर या कार्डावर बेहद्द खूश आहेत. खरी कथा खोट्या कथेपेक्षा जास्त रंगतदार निघू शकते, हे त्यांच्या आक्षेपाला मिळालेले पहिले उत्तर म्हणता येईल.

२३ जून

आज वेळ वाचवणारा शोध लागला; तो आधी लागला असता तर आठवडाभराची मेहनत वाचली असती. बाईंनी ‘सोळाव्या शतकातील जीवन’ असा विषय असलेला एक जुना साखळी-ईमेल शोधून काढला. १९९९ मध्ये तो इंग्रजीत सर्वत्र फिरला होता, आणि आमच्याकडे मराठीत आलेल्या वेगवेगळ्या वाटणाऱ्या अनेक कथा त्यातल्याच निघाल्या. गवती छपरात कुत्री-मांजरे झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून ‘कुत्र्या-मांजरांचा पाऊस’. चुकून जिवंत पुरलेल्या माणसाच्या हाताला दोरी बांधून वर घंटा टांगत, म्हणून ‘घंटेने वाचला’. जमिनीवर पसरलेले काड अडवून धरणारी फळी, म्हणून ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे उंबरठा. सगळ्यांचा उगम एक, आणि तोही चेष्टेखातर लिहिलेला.

पावसाच्या वाक्प्रचाराला साल मिळते. १६५३ मध्ये छापलेल्या एका नाटकात कुत्री आणि पोलकॅट (मुंगसाच्या आकाराचा एक मांसाहारी प्राणी) यांचा पाऊस पडतो, तर आजच्या रूपातील कुत्री-मांजरे जॉनथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात आहेत. कार्डावर तेवढेच घेतले आणि छप्पर काढून टाकले. ‘घंटेने वाचला’ हा मुष्टियुद्धाच्या रिंगणातला प्रयोग आहे. फेरी संपल्याची घंटा झाली की पडलेल्या खेळाडूला दम खायला मिळतो, इतका तो सरळ आहे. ‘थ्रेशोल्ड’च्या प्राचीन इंग्रजी रूपांत ‘धरून ठेवणे’ या अर्थाचे ‘होल्ड’ नाहीच. त्या शब्दाचा पूर्वार्ध तुडवण्याच्या क्रियेशी जुळतो. पाय जिथे पडतो ती जागा म्हणजे उंबरठा, ही उपपत्ती मला तरी काडाच्या फळीपेक्षा अधिक समाधानकारक वाटते.

हे काम करू इच्छिणाऱ्यांनी सर्वप्रथम तो ईमेल मिळवावा आणि त्यातील प्रत्येक कथा आपल्या यादीतून काढून टाकावी.

२८ जून

अर्धवट खऱ्या कथांनी सर्वांत जास्त वेळ खाल्ला. धडधडीत खोटी कथा फेकून देता येते. अर्धवट खरीतून किती ठेवायचे याचा मात्र प्रत्येक वेळी वाद होतो.

‘सॅलरी’ हा लॅटिन ‘सालारियुम’पासून आला आणि ‘सालारियुम’चा ‘साल’ म्हणजे मीठ या शब्दाशी संबंध आहे, इथपर्यंत सर्व ठीक. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळत असे, याला पुरावा नाही. पहिला भाग ठेवला, दुसरा काढला. ‘रूल ऑफ थम्ब’, म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारण्याची मुभा देणारा कायदा, ही कथा पूर्णच काढली. तसे बोलल्याचा आरोप ज्या न्यायमूर्ती बुलर यांच्यावर होता ते प्रकरण १७८२ चे, आणि ‘अंगठ्याच्या मापाने, अंदाजाने’ या अर्थी हा वाक्प्रचार सतराव्या शतकापासून लिहिला जात आहे.

‘सँडविच’वर सर आणि मी संध्याकाळभर अडून बसलो. चौथे अर्ल ऑफ सँडविच जॉन माँटेग्यू यांच्यावरून हे नाव पडले, यात शंका नाही. इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या नोव्हेंबर १७६२ मधील दैनंदिनीत हा शब्द खाद्यपदार्थासाठी आलेला आहे. अर्ल जुगाराच्या टेबलावरून उठत नसत म्हणून त्यांनी पावाच्या दोन कापांत मांस मागवले, ही गोष्ट मात्र ग्रोस्ले या फ्रेंच प्रवाशाने लिहिलेली. अर्ल नौदलाच्या कारभारात बुडालेले असत, त्यामुळे ते कामाच्या टेबलावरच असे खात असावेत, असे त्यांच्या चरित्रकाराचे मत आहे. शेवटी कार्डावर दोन्ही टेबले आली आणि जुगाराच्या टेबलापुढे ‘असे एका प्रवाशाने लिहिले’ हे शब्द घातले.

३ जुलै

कसोटीला पूर्ण उतरलेल्या कथा वेगळ्या काढल्या. त्यांतील दोन मी मोठ्या आकारात लावणार आहे.

पहिली ‘एग’ची. इंग्लंडमध्ये छपाई आणणारे विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा प्रसंग सांगितला आहे. झीलंडला (आजच्या नेदरलँड्समधील एक प्रांत) निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे थेम्स नदीच्या मुखाजवळ अडकले आणि खायला काही मिळते का हे पाहायला किनाऱ्यावर उतरले. त्यांतील एकाने एका घरी अंडी मागताना ‘एगेज’ हा शब्द वापरला. घरच्या बाईने आपल्याला फ्रेंच येत नाही असे सांगितले. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते, तो इंग्रजीच बोलत होता. अखेर दुसऱ्या कोणीतरी ‘आयरेन’ हवीत असे म्हटल्यावर बाईला अर्थबोध झाला. ‘आयरेन’ हे मूळचे इंग्रजी रूप होते आणि ‘एग’ हे स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडच्या उत्तरेकडे वसलेल्या नॉर्स भाषकांकडून आलेले. पुढे पाहुणा शब्द राहिला आणि घरचा गेला. ‘विंडो’ही त्याच लोकांचा, मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. माणदेशी माणूस आणि कोकणी माणूस एकाच पदार्थासाठी वेगळे शब्द वापरतात हे ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना कॅक्स्टनची हकिकत समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी ‘बॉयकॉट’ची. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचे कारभारी असलेले कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांनी १८८० मध्ये खंड कमी करण्याची कुळांची मागणी मान्य केली नाही आणि कुळांना घालवून देण्याची कारवाई सुरू केली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला आयरिश नेते पार्नेल यांनी एनिस येथील सभेत अशा माणसाला वाळीत टाकण्याचे आवाहन केले होते. मजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईनात, टपाल पोचेना. शेवटी उत्तरेकडून सुमारे पन्नास मजूर सैन्याच्या बंदोबस्तात आणून पीक काढले गेले, आणि पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचे सांगितले जाते. वर्ष संपण्यापूर्वीच बॉयकॉट यांचे आडनाव क्रियापद झाले. आपल्याकडे १९०५ नंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या जोडीला बहिष्कार आला, ही ओळ कार्डाच्या तळाशी घेतली आहे.

९ जुलै

भारतातून गेलेल्या शब्दांची कार्डे सर्वांत सोपी जातील असे वाटले होते. प्रत्यक्षात ती सर्वांत अवघड गेली, कारण येथे प्रत्येकाला आपली भाषा मूळ ठरायला हवी असते. त्याला आम्हीही अपवाद नाही.

‘माँगूस’ निर्विवाद आपल्या बाजूचा. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि कोश त्याचे नाते मराठी ‘मुंगूस’शी सांगतात. शब्दाच्या शेवटी दिसणाऱ्या ‘गूस’चा बदकाच्या जातीतील पक्ष्याशी काही संबंध नाही, त्यामुळे अनेकवचन ‘माँगीस’ होत नाही, हे परीक्षार्थींसाठी खाली लिहिले. ‘शॅम्पू’ हिंदी ‘चांपो’पासून, म्हणजे मूळ अर्थ अंग चेपणे, पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटन येथे हा उपचार लोकप्रिय केला, आणि केस धुण्याचा अर्थ त्यानंतर अनेक दशकांनी आला. ‘डंगरी’ हे जाड्याभरड्या सुती कापडाचे नाव, आणि कोश त्याचा उगम सांगताना आजच्या मुंबईतील डोंगरीकडे बोट दाखवतात; कार्डावर ‘असे म्हटले जाते’ हे शब्द ठळक केले.

वाद झाला तो ‘टँक’वर. सतराव्या शतकात भारतातील इंग्रज हा शब्द तलावासाठी व पाण्याच्या साठ्यासाठी वापरू लागले आणि कोश त्याचे मूळ म्हणून गुजराती व मराठी ‘टाके’ देतात. मोल्सवर्थच्या कोशात तो आहेच. परंतु पोर्तुगीज भाषेत पाणी अडवण्याच्या क्रियेवरून झालेला ‘टांक’ हा शब्दही आहे, आणि भारतीय रूपेच त्यावरून आली असा दुसरा पक्ष आहे. ‘टँक हा मराठी शब्द’ असे शीर्षक द्यावे, असा सरांचा आग्रह होता. मला ते मान्य नव्हते. ज्या कसोटीने पी अँड ओचे तिकीट बाद केले तीच येथे बाजूला ठेवता येणार नाही. दोन्ही पक्ष लिहिले आणि शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांचे छायाचित्र लावले, त्यावर समेट झाला. पुढचा इतिहास वादातीत आहे : पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील लिंकन येथे चिलखती गाडी बनवताना गुप्तता राखण्यासाठी ती पाण्याची टाकी असल्याचे भासवले गेले, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईत ती प्रथम वापरली गेली तेव्हा ते नाव तिला कायमचे चिकटले.

१५ जुलै

अर्थ बदललेल्या शब्दांची कार्डे एका बैठकीत उरकली. ‘नाइस’ म्हणजे पूर्वी अडाणी, ‘सिली’ म्हणजे भाग्यवान, ‘गर्ल’ म्हणजे कोणतेही लहान मूल, ‘क्लू’ म्हणजे सुताचा गुंडा, ‘मसल’ म्हणजे छोटा उंदीर. ‘ए नॅप्रन’ची फोड चुकून ‘ॲन ॲप्रन’ झाली आणि ‘ए नॉम्पायर’चा ‘ॲन अम्पायर’. यांना कथा नाहीत, त्यामुळे खोट्या कथाही नाहीत.

२६ जुलै

छपाई फसली. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून दिला होता. छापखान्यात तो जुन्या फाँटमध्ये रूपांतरित करताना रफार सरकले, आणि ‘ॲ’ व ‘ऑ’ ही अक्षरे, जी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना पदोपदी लागतात, जिथे तिथे चौकोन होऊन बसली. ‘ॲप्रन’ हे कार्ड वाचताच येत नव्हते. प्रूफ आम्ही रूपांतरापूर्वीच्या पीडीएफवर पाहून मंजूर केले होते, त्यामुळे भुर्दंड आमच्याच माथी आला. त्यातच चकचकीत लॅमिनेशन सांगितल्यामुळे ट्यूबलाइटचा उजेड कार्डावर परावर्तित होऊन जी अक्षरे शाबूत होती तीही दिसेनात. चोपन्न कार्डांची छपाई १,६२० रुपये आणि लॅमिनेशन १,३५० रुपये, असे २,९७० रुपये वाया गेले.

५ ऑगस्ट

पुनर्मुद्रण झाले. या खेपेस फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ दिली, छापखान्यात मजकुराला कोणी हात लावणार नाही असे ठरवून घेतले आणि एक कार्ड प्रत्यक्ष छापून, भिंतीवर लावून, दिवा पेटवून वाचले. मगच बाकीची टाकली. छपाई पुन्हा १,६२० रुपये, मॅट लॅमिनेशन १,८९० रुपये. प्रत्येकी ८०० रुपयांचे तीन सॉफ्टबोर्ड २,४०० रुपयांना आले आणि पिना, पट्ट्या वगैरे २७० रुपये. वाया गेलेली रक्कम धरून एकूण ९,१५० रुपये, म्हणजे मंजुरीपेक्षा १,१५० रुपये जास्त. वाढीव रक्कम सरांनी देणगी म्हणून भरली.

१९ ऑगस्ट

दोन फलकांवर चोपन्न कार्डे लागली. तिसरा फलक सूचनांसाठी ठेवायचा होता, पण बाईंच्या सांगण्यावरून त्यावर ‘बाद झालेल्या कथा’ लावल्या : कथा काय, ती का बाद झाली आणि कोणत्या सालामुळे. साध्या कागदावर हाताने लिहिलेला हा फलक मुले सर्वांत जास्त वाचतात आणि त्यावरून भांडतातही, याचा अंदाज आम्हा तिघांपैकी कोणालाच नव्हता.

काल अकरावीतील एका मुलीने ‘क्विझ’ची कथा आणली. डब्लिनमधील एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने १७९१ मध्ये पैज लावून हा निरर्थक शब्द रातोरात शहरभर भिंतींवर लिहवून घेतला, अशी ती कथा आहे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तिनेच लिहिले होते की ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थी हा शब्द १७८२ मध्येच फॅनी बर्नी या लेखिकेच्या दैनंदिनीत सापडतो. चिठ्ठी ‘पॉश’च्या शेजारी लावली. आता त्या फलकावर जागा उरलेली नाही. चौथ्या सॉफ्टबोर्डाच्या ८०० रुपयांचा प्रस्ताव पुढील बैठकीत ठेवत आहे.